संदीप खरेंचं एकच गाणं ठेवायचं झालं तर कुठलं?

वाळवंटी:

नमस्कार मंडळी, विषय एका ओळीचा आहे. कवी-गायक संदीप खरेंची बाकी सगळी गाणी बाजूला काढून एकच ठेवायचं झालं तर तुम्ही कुठलं ठेवाल आणि का? 'का' नक्की लिहा, नुसतं नाव टाकून जाऊ नका.

आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या गाणाऱ्या मंडळींनी यंदा कोजागिरीला फक्त खरे गायचे असं ठरवलंय, प्रत्येकी एकच गाणं, आणि त्यावरून ग्रुपवर इतकी वादावादी चाललीय की म्हटलं इथे विचारूया, इथे जाणकार आहेत. अट एवढीच की शब्द त्यांचे हवेत. चाल सलील कुलकर्णींची असो की खरेंची स्वतःची, आवाज कुणाचाही असो. स्वतः लिहिलं आणि स्वतः गायलं तेच धरायचं असा हट्ट केला तर 'कसे सरतील सये' हातचं जाईल, आणि ते मला चालणार नाही.

माझं आधी सांगून टाकतो: 'दूरदेशी गेला बाबा'.

याला सगळे बालगीत समजतात, शाळेच्या गॅदरिंगला लावतात. पण नीट ऐका हो. बाबा परदेशी, आई कामावर, पोर दिवसभर चार भिंतींत खेळून खेळून दमलंय, डोळ्यात झोप आलीय आणि घरात कुणीच नाही. का गेलात असंही ते विचारत नाही. ऐकताना शहरातल्या फ्लॅटमधलं पोर डोळ्यांपुढे येतं खरं, पण गोव्यात हे गाणं वेगळं लागतं, कारण आमच्याकडे वाड्यावरच्या चार घरांतला एखादा तरी माणूस बोटीवर नाहीतर गल्फात असतोच, पूर्वीपासून. माझ्या लहानपणी शेजारच्या घरी 'बाबा कधी येणार' याला उत्तर ठरलेलं होतं, 'चवथीला', म्हणजे गणपतीला. मग चवथ यायची, माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधून व्हायची, कवंडळाची रानफळं नि सुपाऱ्यांचे घोस लटकायचे आणि पत्र यायचं की काँट्रॅक्ट वाढलंय. त्या घरातला मुलगा माझ्या वर्गात होता. तो कधी रडला नाही, फक्त आरतीला आमच्याकडे यायचा नाही.

आता माझा खरा मुद्दा. मला खरेंची तीन गाणी एकाच घरातली वाटतात. 'हे भलते अवघड असते' मध्ये गाडी सुटते, रुमाल हलतात, मागे राहिलेले चेहरे हसरे दिसायची धडपड करतात. 'कसे सरतील सये' मध्ये तो गेलेला माणूस दूर देशी सुन्या खिडकीपाशी बसून तिला विचारतोय की माझ्याविना तुझे दिवस कसे जातील. आणि 'दूरदेशी गेला बाबा' मध्ये त्याच दोघांचं पोर. कवीने हे ठरवून केलंय असा माझा दावा अजिबात नाही, पण एका रात्री ही तीन याच क्रमाने लावून ऐका आणि मग बोलूया. तिन्हींतलं एक ठेवायचं तर मी पोराचं ठेवतो. फलाटावरच्या माणसाला रुमाल तरी हलवता येतो, खिडकीतल्या माणसाला प्रश्न तरी विचारता येतो, पोराच्या हातात यातलं काहीच नाही.

तुम्ही सांगा.

थिवी स्टेशन:

'हे भलते अवघड असते', आणि मी त्या गाडीच्या रोजच्या वाटेवर राहते म्हणून जरा हक्काने लिहिते.

आमच्या थिवीला कोकणकन्या संध्याकाळची येते आणि जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. मडगावला गाडी तिथूनच सुटते त्यामुळे माणसं डब्यात चढून बसून बोलतात, पाण्याची बाटली आणून देतात, सगळं नीट होतं. थिवीला तसं नाही. डबा कुठे येणार यावरून धावपळ, बॅगा वर फेकायच्या, आई काहीतरी सांगत असते, अर्धं ऐकू येतं आणि गाडी हलते. निरोप असा राहूनच जातो. खरेंनी 'गाडी सुटली' हे शब्द पुन्हा पुन्हा आणलेत ना, दर वेळी त्या दोन शब्दांनंतर दुसरं काहीतरी मोडतं, आधी डोळे, मग चेहरे, मग हातातून हात. माझा भाऊ पुण्याला शिकायला गेला तेव्हापासून मला ते गाणं गाडीच्याच वेगाने चालतंय असं वाटतं.

आणि हल्ली २०२३ पासून मोपा विमानतळ सुरू झाल्यावर बरेच जण तिकडून जातात. तिथे काचेचं दार. तिकीट नसलेल्याने बाहेरच थांबायचं. गाडी सुटताना निदान ती सुटताना दिसते तरी. काचेआड माणूस रांगेत वळतो आणि संपलं. त्यावरचं गाणं खरेंनी लिहावं अशी माझी फार इच्छा आहे.

डिचोलीचे गुरुजी:

धागा आवडला. माझं मत 'अताशा असे हे मला काय होते' ला.

मी शाळेत मराठी शिकवत होतो. वृत्तं शिकवायची म्हटलं की मुलांची तोंडं कडू व्हायची, तेव्हा मी फळ्यावर मनाच्या श्लोकातली पहिली ओळ लिहायचो, 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा', आणि तिच्याखाली ही, 'अताशा असे हे मला काय होते'. मग सांगायचो, खालची ओळ वरच्याच्या चालीत म्हणा. अख्खा वर्ग म्हणायचा आणि ती तंतोतंत बसायची, कारण दोन्ही भुजंगप्रयात. समर्थांनी मनाला ठणकावण्यासाठी जे वृत्त घेतलं त्याच वृत्तात आजचा एक माणूस बोलता बोलता मध्येच गप्प होतो आणि स्वतःला विचारतो की हे काय होतंय मला. आमच्या गोव्यात तिन्हीसांजेला दिवा लावून मनाचे श्लोक म्हणणाऱ्या पिढीच्या कानात ते वृत्त मुरलेलं आहे, म्हणून हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तरी ओळखीचं वाटलं. नव्या कवींना वृत्त येत नाही म्हणणाऱ्यांपुढे मी हे एक गाणं ठेवीन.

वाळवंटी, तुमच्या तीन गाण्यांबद्दल थोडं मोजून बघतो आणि पुन्हा येतो.

फोंड्याची पोर:

नामंजूर!!! दुसरं काही नाहीच.

मी इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या भिंतीवर पहिली ओळ लिहिली होती, 'जपत किनारा शीड सोडणे नामंजूर'. घरी सगळ्यांना मी सरकारी नोकरीला लागावं असं वाटत होतं, गोव्यात सरकारी नोकरी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, आणि मला स्वतःचं काहीतरी सुरू करायचं होतं, तर त्या दिवसांत मी हे गाणं सकाळी उठून लावायचे आणि मग दात घासायचे. त्यात ते म्हणतात ना की मला ऋतूंची साथ नको, कौल नको, तिथे मला अंगावर काटा यायचा. आमच्याकडे देवाला कौल लावल्याशिवाय घराचा पाया खणत नाहीत, लग्न ठरवत नाहीत. त्या घरात बसून ती ओळ मोठ्याने म्हणायला जी हिंमत लागते ती मला या गाण्याने दिली. आज माझं छोटं युनिट आहे कुंडईला.

केरीची लाट:

@फोंड्याची पोर, तुझं अभिनंदन गे आधी, आणि युनिटला शुभेच्छा. पण मी समुद्रावर जाणाऱ्यांच्या घरातला आहे तर थोडं बोलू दे.

आमच्या घरात 'ऋतूंची साथ नको' असं कुणी म्हणत नाही. जून-जुलै होड्या वर ओढलेल्या, जाळी घरात. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, पण बंदी नव्हती तेव्हाही माझा आजा पावसाळ्यात बाहेर पडायचा नाही. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय पहिली होडी जात नसे. किनारा जपतच शिडं सोडायची असतात, म्हणून घरी माणसं परत येतात. त्यामुळे गाणं ऐकायला मला आवडतं, चाल भारी आहे, पण आतून हो म्हणता येत नाही.

माझं मत 'नसतेस घरी तू जेव्हा'. बायको बाळंतपणाला माहेरी शिरोड्याला गेली होती तेव्हा कळलं. एवढंच.

फोंड्याची पोर:

@केरीची लाट दादा, हे असं मी कधी ऐकलंच नव्हतं. तुमचा आजा बरोबरच. पण मला ते गाणं समुद्राबद्दल वाटत नाही, आयुष्यभर बंदराला बांधून ठेवलेल्या होडीबद्दल वाटतं, ऑगस्ट उजाडला तरी जिला सोडायला कुणी तयार नाही. मी माझं मत बदलणार नाहीये हां.

केरीची लाट:

बदलू नको. ऑगस्टमध्ये सोडायलाच हवी, ते मान्य.

म्हापसेकर:

धाग्याची अट मी मोडतो. कवी-गायक म्हणताय तर निदान गायलेलं त्यांनी स्वतः असावं. म्हणून 'मी मोर्चा नेला नाही'.

सलीलचा आवाज गोड आहे, सुरेल आहे, शिकलेला आहे, त्याबद्दल वाद नाही. हा माणूस एमबीबीएस डॉक्टर होऊन संगीतात आला आणि २००३ पासून दोघं मिळून 'आयुष्यावर बोलू काही' करतायत, इतकी वर्षं एक कार्यक्रम तिकीट लावून चालवणं म्हणजे काय ते नाटकवाल्यांना विचारा. पण खरे स्वतः गातात तेव्हा तो गाणाऱ्याचा आवाज राहत नाही, आपल्यातल्याच एखाद्याचा होतो. 'मी मोर्चा नेला नाही' ला असाच आवाज हवा. सगळं आयुष्य 'नाही' मध्ये सांगितलंय. मोर्चा नाही, संप नाही, साधा निषेधसुद्धा नाही. सुरुवातीला प्रेक्षक हसतात. मग तो रस्त्याच्या कडेला दगड होऊन थिजलेला माणूस येतो, आणि तो दगड मारण्यासाठीसुद्धा कुणी उचलला नाही असं येतं, तिथे हसणं थांबतं. मी हे प्रत्यक्ष थिएटरात अनुभवलंय, शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ टाळी वाजवायला उचललेले हात तसेच मांडीवर ठेवून बसले होते.

गोव्यात आपण प्रत्येक गोष्टीवर घरात बसून चिडतो. डोंगर कापले, शेतं भरली, नदीत बार्ज. मोर्चाला ठरलेली तीच माणसं असतात. हे गाणं मला दर वेळी सांगतं की तू त्यांच्यात नव्हतास. म्हणून हे ठेवीन. सुखाचं गाणं ठेवून काय करू, ती पुष्कळ आहेत.

पर्वरी_७८:

दमलेल्या बाबाची कहाणी. मुलगी तीन वर्षांची आहे आणि मी घरी पोचतो तेव्हा ती झोपलेली असते. पूर्ण गाणं आजवर एकदाही ऐकू शकलो नाही.

मस्कतवाली:

मी सहसा फक्त वाचते पण आज लिहिते.

वाळवंटी, ते तुमच्या वर्गातल्या मुलाचं वाचून थांबले. माझे बाबा मस्कतला होते, मी वास्कोला फ्लॅटमध्ये वाढले, आई गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नर्स. आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती. एक आपलं आणि त्याच्या शेजारी एक छोटं, पांढऱ्या प्लास्टिकचं, त्याला आई 'बाबाचं घड्याळ' म्हणायची, ते दीड तास मागे. मला वेळ वाचायला शिकवलं ते दोन्ही घड्याळांवर एकदम. आपल्याकडे साडेआठ म्हणजे बाबाकडे सात, आता तो आंघोळ करून डबा भरत असेल. आईची सेकंड शिफ्ट असली की मी त्या घड्याळाखाली स्टुलावर बसून बाबा आता काय करत असेल ते स्वतःशी मोठ्याने बोलायचे, कारण घरात आवाज हवा असायचा. शेजारच्या काकी मधून मधून डोकावून जायच्या. झोप आली तरी झोपायचं नाही असं मी ठरवायचे, आई आल्यावरच झोपायचं.

तर 'दूरदेशी गेला बाबा' पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजमध्ये, एका मैत्रिणीच्या मोबाईलवर, बसस्टँडवर. मी तिला म्हटलं पुन्हा लाव. मग परत म्हटलं पुन्हा लाव. तिला काही कळेना.

मला त्यात सगळ्यात खरं काय वाटतं सांगू, त्या पोराला कुणाचा राग आलेला नाही. मोठ्यांना वाटतं की एकटी पोरं दुःखी असतात. मला आठवतं त्याप्रमाणे मुख्यतः कंटाळा असतो. लांबच लांब कंटाळा आणि शेवटी झोप. दुःख वगैरे नंतर, मोठं झाल्यावर. हे खरेंना कसं कळलं मला माहीत नाही.

माझं मत अर्थात त्यालाच.

बांबोळी:

@मस्कतवाली बाय, मी पण नर्सच, आणि तुझं वाचून डोळे भरले. पण मला तुझ्या आईबद्दल बोलायचंय.

त्या गाण्यात आई फक्त अर्ध्या ओळीत आहे. 'गेली कामावर आई', संपली. बाबासाठी मात्र खरेंनी अख्खी 'दमलेल्या बाबाची कहाणी' लिहिली, त्यात तो ऑफिसातून उशिरा येतो, मुलीच्या उशाशी बसून तिची माफी मागतो, आणि थिएटरातली सगळी पुरुषमंडळी रुमाल काढतात. काढू देत, चांगलंच आहे, आमच्या पिढीतल्या बाबांना असं रडायची मुभा कुठे होती. पण नाईट करून सकाळी घरी येणारी बाई दारात चप्पल काढतानाच आवाज न करता काढते, पोर उठू नये म्हणून, आणि उठावंही असं वाटत असतं. मला त्या बाईचं गाणं खरेंकडून हवंय. त्यांनाच ते जमेल म्हणून त्यांच्याकडेच मागतेय.

तरी मत 'दूरदेशी' लाच. कारण त्या अर्ध्या ओळीत तिच्यावर ठपका नाही. कामावर गेली, बस. दुसरा कुणी असता तर 'आईविना बाळ' वगैरे करून तिला दोष लावून मोकळा झाला असता.

वाळवंटी:

@बांबोळी ताई, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता आणि तो या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. माझ्या 'एकाच घरातल्या' तीन गाण्यांत निरोप देणारे आहेत, गेलेला आहे, पोर आहे, आणि जिला तो 'सये' म्हणतो ती कुठेच बोलत नाही. चौथं गाणं राहिलंय खरं.

@मस्कतवाली, तुमच्या दोन घड्याळांबद्दल मी आमच्या ग्रुपवर सांगू का? नाव-गाव काही नाही, फक्त घड्याळं. हो म्हणालात तरच.

मस्कतवाली:

सांगा. बाबा आता इथेच आहेत, त्यांनापण मी काल हे सगळं वाचून दाखवलं.

पणजीचा पाऊस:

सरीवर सर. जूनच्या पहिल्या आठवड्यात आल्तिनोच्या टेकडीवरून खाली उतरताना हेडफोनवर लावा, मांडवीपलीकडून पाऊस चालत येताना दिसतो, 'दूर दूर नभपार' म्हणतात ते तेच. बाकी कारण नाही.

आजीची चंची:

हे आपल्या बाकीबाबांचं ना? सचैल गोपी न्हाल्या ग?

पणजीचा पाऊस:

नाही आजी, ते 'सरीवर सरी आल्या ग', बोरीच्या बाकीबाब बोरकरांचं. हे 'सरीवर सर', खरेंचं. दोन्ही भिजवतात, तुम्ही दोन्ही ऐका.

डिचोलीचे गुरुजी:

मोजून आलो.

वाळवंटी, तुमच्या म्हणण्याला एक आधार सापडला. अक्षरं मोजा: 'दूरदेशी गेला बाबा' आठ, 'गेली कामावर आई' आठ, 'नीज दाटली डोळ्यात' आठ, 'तरी घरी कुणी नाही' आठ. आता 'कसे सरतील सये' आठ, 'माझ्याविना दिस तुझे' आठ. म्हणजे बाप आणि पोर दोघं एकाच मापात बोलतायत, अष्टाक्षरीत. बहिणाबाईंचं 'अरे संसार संसार' याच मापाचं. जात्यावर, पाळण्याशी, घरात काम करताना जे तोंडात येतं त्याच्या जवळचं हे माप, मुद्दाम जुळवल्यासारखं लागत नाही. पणजीकरांचं 'दूर दूर नभपार' पण आठच आहे, तेव्हा खरेंच्या हाताला हे माप सरावाचं आहे एवढंच नक्की म्हणता येईल, त्यावरून तिन्ही गाणी एकत्र बांधता येणार नाहीत. पण फरक बघा. बापाच्या गाण्यात आठ-आठ-आठ झाल्यावर 'सलतील ना' असा पाच अक्षरांचा तुकडा येतो, तो 'ना' लोंबकळत राहतो, उत्तराची वाट बघतो. पोराच्या गाण्यात चारही चरण पुरे आठ. तिथे कुणाकडून उत्तर यायचंच नाहीये.

माझं मत मी बदलत नाही, पण या वयात माझ्याकडून एक गाणं नव्याने ऐकवून घेतलंत, त्याबद्दल देव बरें करूं.

पेटीवाला काणकोण:

सगळं वाचलं. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, साहित्यातलं फार कळत नाही, गाण्यापुरतं बोलतो.

वाळवंटी, 'दूरदेशी' घेणार असाल तर दोन-तीन गोष्टी करा. तबला नको. तबला आला की ऐकणारे मांडीवर ताल धरतात आणि पोर हरवतं. पेटीसुद्धा फक्त सूर धरून ठेवण्यापुरती, जागा भरायला जाऊ नका, आपल्या गोव्यातल्या पेटीवाल्यांना (मी धरून सगळ्यांना) रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. पट्टी खाली घ्या. वरच्या पट्टीत ते गाणं केविलवाणं होतं.

आणि रडू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. मी दोन-तीन ठिकाणी हे गाणं ऐकलंय आणि गाणारे 'कुणी नाही' ला आवाज थरथरवतात, मग समोरच्या बायका पदर लावतात, टाळ्या पडतात, आणि गाणं फुकट जातं. मस्कतवालीने वर लिहिलंय ना कंटाळा आणि झोप, तसंच गायचं. 'नीज दाटली डोळ्यात' नंतर श्वास घ्या, घाई करू नका, आणि 'तरी घरी कुणी नाही' अगदी सरळ, एकाही हरकतीशिवाय, घरात कुणी नसल्याचं शेजारणीला दारातून सांगतो तितक्याच आवाजात. काळी एक पट्टीत बसतंय का बघा आधी, नाहीतर पांढरी सहा.